शाळेतून नाव काढलेला थर्मास

आधीच माफी मागून घेतो. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे झालं, किंवा शब्द फारच साधे वाटले, तर सांभाळून घ्या. माझं शिक्षण बालवाडीतलं, आणि तेही पुरं झालं नाही. मधेच शाळेने नाव काढलं. का काढलं, तेच सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे उभाच आहे. थर्मासला बसता येत नाही.

राजिवड्याला, खाडीच्या कडेला हमीद सारंगाचं घर आहे. त्याच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, पाण्याच्या पिंपाशेजारी पोटाला पोचा पडलेला एक स्टीलचा म्हातारा दिसेल. तो मी. माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या बुडाखाली कोरलेलं आहे, पण स्वतःचं बूड आजवर कुणाला दिसलंय? शारजाच्या बाजारात हमीदने मला उचललं, झाकण काढून आत डोळा लावून पाहिलं आणि म्हणाला, "चल." तिथपासूनचं तेवढं आठवतं.

हमीद मोठ्या मालवाहू बोटीवर सारंग आहे. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. नांगर, साखळ्या, दोरखंड, सगळं त्याच्या हाताखाली. माणूस आडदांड, पंजे सुपाएवढे, पण बोलायला असा लाजाळू की दुकानात सुटे पैसे परत मागायलाही घसा खाकरतो. डेकवर पहाऱ्याला उभा राहिला की माझ्यातून काळा चहा प्यायचा आणि मनातलं काय ते माझ्याशीच बोलायचा.

मला एक खोड आहे. मी गळतो. झाकणातला वॉशर झिजलाय, असं सगळे म्हणतात. वॉशर झिजलाय हे खरं, पण गळायचं की नाही ते बरंचसं मीच ठरवतो. एकदा कॅप्टन हमीदवर विनाकारण ओरडला. त्याच दुपारी मी टेबलावर आडवा झालो आणि कॅप्टनच्या पांढऱ्याशुभ्र पँटवर असा काही सांडलो, की तो आठवडाभर खलाशांपुढे पाठमोरा झाला नाही.

हमीदचं एक वाक्य बोटीवर सगळ्यांना पाठ आहे. "जे बांधलं नाय, ते दर्याचं." वादळात बोट कलंडली की न बांधलेली वस्तू दर्या उचलून नेतो, सांगूनही जात नाही. माझ्या पोटाचा पोचा त्याच धड्याचा. त्या दिवशी मला बांधायचं राहिलं होतं. मी गडगडत कठड्यापर्यंत गेलो, आणि हमीदने पोटावर आडवं पडून मला पकडला. तेव्हापासून तो सगळं बांधतो. झोपताना चपलासुद्धा.

अशा माणसाच्या घरी त्याची लेक तस्नीम होती, आणि ती मात्र त्याला बांधता येत नव्हती.

या वेळी आम्ही सुट्टीवर आलो तेव्हा ती गळ्यात ओळखपत्र अडकवून बालवाडीत जायला लागली होती. हमीद दारात उभा राहिला, हातात मोठी बाहुली, डोळ्यांत पाणी. तस्नीम आईच्या ओढणीमागे लपली आणि मोठ्याने विचारती झाली, "अम्मी, हे अब्बा फोनमधून बाहेर कसे आले?"

सगळे हसले. हमीदही हसला. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "परत फोनमधे कधी जाणार?" तेव्हा फक्त मी त्याच्या हातात होतो, म्हणून मला ठाऊक. त्याने मला इतका आवळला की आतली काच बोलली. (माझ्या आत काच आहे. वरून स्टील दिसतं म्हणून लोक आपटतात.)

त्याच्या हातून ती बिस्किटही घेत नसे. तो टेबलावर ठेवून चार पावलं मागे सरायचा, मग ती घ्यायची. मांजरीला दूध ठेवतात तसा प्रकार.

आणि नेमकं तेव्हाच खतिजाला, म्हणजे तस्नीमच्या अम्मीला, पालीला जावं लागलं. तिची धाकटी बहीण कौसर बाळंतपणाला टेकली होती आणि तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. ऑक्टोबरचा उकाडा असा, की ओट्यावर उभा राहून मला आतूनबाहेरून घाम. खतिजाने पिशवी खांद्याला लावली आणि दारातून हुकूम सोडला.

"ऐका हां. डबा एखाद दिवस उरला तर उरला. पण पाणी प्यायलीच पायजे. मागच्या उन्हाळ्यात पीत नव्हती तर उन्हाळी लागली पोरीला. लघवीला बसली की रडून घर डोक्यावर घ्यायची. बाटली भरलेली परत आली तर मना फोन करा. मी पहिल्या एसटीने परत येईन, मग कौसरचं काय व्हायचं ते होवो."

"अगं, मी पंचवीस खलाशी सांभाळतो," हमीद म्हणाला.

"खलाशांना उन्हाळी लागली तर ते आपल्या तोंडाने सांगतात," खतिजा म्हणाली आणि गेली.

पहिल्या सकाळी हमीदने तस्नीमच्या शाळेचं सगळं सामान चटईवर मांडलं. डबा, नॅपकिन, खडूंची पेटी, चित्रांची वही, पेन्सिल, खोडरबर, जादा फ्रॉक. मग खिशातून दोरी काढली. पेन्सिल खडूंच्या पेटीला बांधली, खोडरबर पेन्सिलीला, चमचा डब्याला, नॅपकिन चमच्याला. बघून समाधानाने मान हलवली. आता दप्तर समुद्रात पडलं तरी एक दोरी ओढली की सगळं वर येणार होतं.

शेजारच्या यमुनाबाई गडग्यावरून डोकावल्या. मधल्या कुंपणाचा चिऱ्याचा तो गडगा म्हणजे त्यांची आगाशीच. घरातलं काम कमी आणि गडग्यावरचं जास्त.

"अरे हमीद, पोरीला शाळेत पाठवतोयस की बोटीवर चढवतोयस?"

"काकी, जे बांधलं नाय..."

"ते दर्याचं. ऐकलंय रे बाबा, तुझं लग्न झालं तेव्हापासून ऐकतेय. शाळेत दर्या नाय, आरोही टीचर आहे. ती वाईट."

मग बाटलीची पाळी आली. तस्नीमची बाटली गुलाबी. तिच्यावर ससा, आणि सशाच्या कानातून पाणी ओढायची नळी. बोटीवर पिण्याची भांडी उकळत्या पाण्यातून काढायचा नियम. हमीदने नियम पाळला. गुलाबी बाटली पातेल्यात गेली ती ताठ, आणि बाहेर आली ती केळ्यासारखी वाकून. सशाला एका बाजूने गालफुगी झाल्यासारखी दिसत होती.

तस्नीमने बाटलीकडे बघितलं, मग बापाकडे. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"मना हीच पायजे."

"हिच्यात पाणी राहतं, बाय, पण ही उभी नाय राहत," हमीद पुटपुटला आणि त्याची नजर ओट्यावर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

अशा रीतीने माझं नाव शाळेत दाखल झालं.

"हा म्हातारा हाय," तस्नीम म्हणाली. "आणि पोट फुटलंय त्याचं."

ऐकून घेतलं. लहान पोर आहे.

पहिला दिवस वाईट गेला. मी वर्षानुवर्षं काळा चहा प्यायलेला. माझ्यात गंगेचं पाणी भरलं असतं तरी त्याचा चहाच झाला असता. मधल्या सुट्टीत तस्नीमने झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि सगळ्या वर्गाला बातमी दिली, "याने चाय पिलीय!" पोरं एकेक करून माझा वास घ्यायला आली. शाळेतला माझा पहिला मान हा असा. पाणी मात्र कुणी प्यायलं नाही. मी भरलेलाच घरी आलो.

संध्याकाळी पालीहून फोन आला. "प्यायली?"

हमीदला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेला की कान लाल होतात, आणि फोनवरसुद्धा खतिजाला ते दिसतात.

"उद्या पिईल," तो म्हणाला.

"कौसरला डॉक्टरांनी उद्या-परवाची तारीख सांगितलीय. मना हितून हलायला लावू नका."

यमुनाबाईंनी गडग्यावरून उपाय सांगितला. मूठभर तांदूळ, मीठ, लिंबू, आणि हलवत राहायचं. हमीदने मला असा हलवला की माझ्या पोटात वादळाची आठवण जागी झाली. पण वास गेला. सकाळी त्याने कोकमाचं आगळ पाण्यात घालून, साखर, जिरं टाकून गार सरबत केलं, माझ्यात ओतलं, आणि मला पिशवीत ठेवता ठेवता थांबला. मी कालच थोडा गळून तस्नीमच्या चित्रवहीतला हत्ती पाण्यात उभा केला होता.

"आज गळू नकोस रे," असं म्हणून त्याने झाकण फिरवलं.

नांगराच्या साखळ्या आवळणारा हात तो. झाकण बसलं, ते कायमचंच.

मधल्या सुट्टीत तस्नीमने ओढून पाहिलं. मग तिच्या मैत्रिणीने. मग दोघींनी दोन बाजूंनी. मग आरोही टीचरने ओढणीचा पदर धरून जोर लावला, त्यांचं तोंड सरबतासारखं लाल झालं. मोठ्या बाईंनी झाकण टेबलावर ठोकलं. शेवटी काशीराम शिपाई आला. त्याने हातावर थुंकल्यासारखं केलं, टीचरने डोळे वटारले म्हणून पँटला हात पुसले, मला दोन गुडघ्यांत धरलं आणि "हूं" केलं. मग दाराच्या फटीत घालून दार ढकललं. मी फिरलो, झाकण नाही.

"बाई, याला पाना लागेल," काशीराम म्हणाला. "नायतर पंक्चरवाल्याला बोलवा."

खरं सांगतो, या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. मी गळायचा फार प्रयत्न केला. समोर पोर तहानलेली, ओठ सुकलेले, आणि पोटात गार सरबत घेऊन मी बहिऱ्यासारखा उभा. इतका लाजलो नव्हतो कधी. टीचरने तिला ग्लासात शाळेचं पाणी दिलं, ते तिने दोन घोट घेऊन ठेवलं.

टीचरने हमीदला फोन केला. तो धावतच आला, लुंगीवर, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. वर्गाच्या दारात उभा राहून अंग चोरायला लागला, पण त्याचं अंग चोरण्याजोगं नाही. मला घेतलं, अंगठा आणि दोन बोटं लावली, आणि झाकण निघालं. टक्.

सगळ्या वर्गाने माना उंचावल्या. मग एक पोरगा म्हणाला, "तस्नीम, तुझे अब्बा पैलवान हायत?"

तस्नीम बापाच्या हाताकडे बघत राहिली. सरबत मात्र प्यायली नाही, सगळे बघत होते म्हणून. पण घरी परत येताना ती नेहमीसारखी दहा पावलं मागून न चालता दोन पावलांवर चालत होती. थोड्या वेळाने विचारलं, "तुम्ही आणखी काय काय उघडता?"

हमीद बोटांवर मोजायला लागला, तोवर घर आलं.

त्या संध्याकाळी फोनवर खतिजाचा आवाज चढला. "म्हणजे आजपण नाय प्यायली. उद्या मी सकाळच्या एसटीने येते. कौसरला सांगते, माझ्या घरी दोन पोरं हायत, त्यातलं एक दाढीवालं हाय."

"उद्याचा दिवस दे," हमीद म्हणाला. इतक्या आर्जवाने तो कंपनीशीही बोलत नाही. "उद्या भरलेला आला तर मी स्वतः तुला आणायला येतो."

एक दिवस. आमच्या हातात तेवढाच होता. पैज पाण्याची होती असं दिसत होतं, पण मला ठाऊक होतं कशाची होती. खतिजा परत आली असती तर तस्नीम पुन्हा ओढणीमागे गेली असती, आणि हमीद पुन्हा फोनमधे.

सकाळी नमाज आटोपून तो मला घेऊन पायरीवर बसला. झाकण घट्ट लावलं तर कुणाला उघडत नाही. सैल लावलं तर मी गळतो. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन निळ्या नायलॉनची दोरी आणली, मासेमारीच्या जाळ्याला असते तसली. झाकण हलक्या हाताने लावलं, दोरी झाकणावरून आडवी घेतली, माझ्या कानातून ओवली, आवळली आणि वर गाठ मारली. मला आडवा केला. मी मुकाट राहिलो. त्या दिवशी गळणं बरं दिसलं नसतं.

तस्नीम दात घासत दारात आली होती. तोंडात फेस.

"हे काय केलं?"

"गाठ," हमीद म्हणाला. तिच्याकडे न बघता. मांजरीकडे बघितलं की मांजर पळते, एवढं तो शिकला होता. "दोन गाठी असतात. एक निरगाठ. ती बसली की बसली, नखं तुटली तरी सुटत नाय. आणि एक ही, सुरगाठ. ही खलाशाची दोस्त. कितीही ओढ असू दे, धरून ठेवते. पण हे टोक खेचलं..."

"की?"

"मना काय माहीत? तू खेचून बघ."

फेस पुसून ती आली. टोक धरलं. खेचलं. गाठ अशी उलगडली जणू कधी नव्हतीच.

तस्नीम हसली. मी बोटीवरून तीन महासागर बघितलेत, पण हमीदचा चेहरा एवढा उजळलेला बघितला नव्हता.

"परत!"

त्याने परत बांधली. तिने खेचली. "परत!" पुन्हा बांधली. मग तो गंभीर झाला, सारंगासारखा.

"पण बोटीवरचा कायदा हाय. गाठ सोडली की एक घोट प्यायचा. नायतर दोरी रुसते, पुढच्या वेळी सुटत नाय."

असा कायदा कुठल्याही बोटीवर नाही. मी होतो ना तिथे.

तस्नीमने विचार केला आणि एक घोट घेतला. त्याच्या हातातून. मग टोक खेचलं, घोट घेतला. यमुनाबाई गडग्यावर आल्या होत्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, आणि न बोलताच मिटलं. असं त्यांच्या बाबतीत क्वचित होतं. तस्नीमने मग हट्ट धरला, "मना बांधायला शिकवा," आणि शाळेला उशीर होईस्तोवर ते सुपाएवढे हात त्या चिमुकल्या बोटांमागे फिरत राहिले.

त्या दिवशी शाळेत माझ्याभोवती रांग लागली. प्रत्येकाला टोक खेचायचं होतं. तस्नीम कायदा सांगायची, "मी पिणार, मग तू खेचणार." दुपारपर्यंत मी पार रिकामा. आरोही टीचरने निरोप दिला, की पोरगी सकाळपासून पाच वेळा बाथरूमला जाऊन आली, तब्येत बरी आहे ना?

संध्याकाळी फोन वाजला. हमीदने उचलायच्या आधी तस्नीमने झडप घातली. "अम्मी, मी सगळं प्यायली! तू येऊ नकोस!"

पलीकडून खतिजा म्हणाली, "बघा. चार दिवस नाय झाले आणि मना घरातून काढली." पण आवाजात हसू होतं. दुसऱ्या दिवशी कौसरला मुलगा झाला. नाव ठेवलं अद्नान.

इथेच थांबलो असतो तर माझं शिक्षण पुरं झालं असतं. पण विद्या मिळाली की माणूस शांत बसत नाही.

तस्नीमला आता सुटी वस्तू सहन होईना. घरात तिने झाडू दाराला बांधला, कोंबडी पायरीला बांधली, यमुनाबाईंची चप्पल गडग्यावरच्या वेलाला बांधली. "गो बाय, माझी चप्पल काय दर्या नेणार होता?" त्या ओरडल्या. "नेली असती तर?" तस्नीम म्हणाली. हमीद खांबामागे उभा राहून तोंड दाबत होता.

आणि मग तो दिवस. मधली सुट्टी संपत आली होती. वर्गात सगळ्या बाटल्या खिडकीखालच्या फळीवर ओळीने उभ्या असतात. तस्नीमने माझी निळी दोरी सोडली, मला फळीच्या टोकाला उभं केलं, दोरीचं एक टोक माझ्या कानात अडकवलं, आणि एकेका बाटलीचा पट्टा दोरीत ओवत गेली. सगळ्या बाटल्या एका माळेत. दोरी थोडी उरली. ती तिने आरोही टीचरच्या खुर्चीला बांधली. सुरगाठ. टोक बाहेर. मी सगळं बघत होतो. ओरडलो असतो, पण झाकण लावलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर, मला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

टीचर आल्या. खुर्ची पुढे ओढली.

फळीवरून बाटल्या अशा निघाल्या, जशी मासळी जाळ्यातून डेकवर यावी. एकापाठोपाठ एक. कुठे लिंबूपाणी, कुठे दूध, कुठे नुसतं पाणी, आणि शेवटी मी, कोकम सरबत घेऊन. मी पडायचा तो टीचरच्या हजेरीवरच पडलो. वर्गात पूर आला. पोरांनी टाळ्या पिटल्या. काशीराम पोछा घेऊन आला, दारातच पाय घसरून बसला, आणि म्हणाला, "बाई, भरती आलीय का?"

"तस्नीम! हे काय केलंस?"

तस्नीमने हात मागे बांधून, मान वर करून सांगितलं, "टीचर, जे बांधलं नाय, ते दर्याचं."

टीचरला हसू आवरेना, म्हणून त्यांनी फळ्याकडे तोंड केलं. पण दुपारी हमीदला बोलावून सांगितलं, "मुलीचं कौतुकच आहे. पाणी पिते, बोलते, कुणी रडलं तर त्याच्या चपलेचे बंदसुद्धा बांधून देते. पण हा थर्मास उद्यापासून शाळेत नको. आणि दोरी तर अजिबात नको."

माझं नाव निघालं ते असं. काशीरामने दारापर्यंत पोचवलं मला. "म्हाताऱ्या, तू येत होतास तर बरं वाटायचं," असं म्हणाला. शाळेत एवढंच प्रेम मिळालं, पण मिळालं.

खतिजा पालीहून आली, येताना बटण दाबून उघडायची नवी बाटली घेऊन. तस्नीम आता पाणी पिणारी झाली होती, तिला कुठलीही बाटली चालत होती. सगळं नीट लागलं, आणि मग कंपनीचा फोन आला. बोट तयार होती.

निघायचा दिवस. दुपारी जेवून हमीद खाटेवर जरा लवंडला. हातखंब्याला मुंबईची बस पकडायची, तिथवर न्यायला गाडी यायची होती. त्याची बॅग दाराशी, मी बॅगेवर. इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर जात आलो, याही वेळी जाणारच होतो.

तस्नीम पाय न वाजवता आत आली. तिने माझी निळी दोरी काढून घेतली. बापाच्या पायाचा अंगठा बघितला, खाटेचा पाय बघितला, आणि कामाला लागली. जीभ ओठाच्या कोपऱ्यात. हमीद जागाच होता. डोळे मिटून पडलेल्या माणसाचा श्वास मी ओळखतो. पण तो हलला नाही.

बाहेर हॉर्न वाजला. "गाडी आली!" खतिजा ओरडली. हमीद उठून बसला, पाय खाली टाकायला गेला, आणि अडकला.

"हे काय, बाय?"

तस्नीम भिंतीला पाठ लावून उभी. आवाज टणक. "जे बांधलं नाय, ते दर्याचं. तुम्हीच सांगितलं."

यमुनाबाई गडग्यावरून म्हणाल्या, "घे. आता दे उत्तर." आणि पदराने नाक पुसलं.

हमीदने गाठ बघितली. सुरगाठ होती, सुबक. तेवढीच तिला येत होती. टोक त्याच्या हाताशी होतं, एक झटका पुरला असता. हॉर्न पुन्हा वाजला. त्याने टोकाला हात लावला नाही.

"गाठ चांगली बसलीय," तो म्हणाला. "पण कायदा हाय. ज्याने बांधली, त्यानेच सोडायची."

"मी नाय सोडणार."

"बरं." आणि तो खाटेवर तसाच बसून राहिला. बाहेर ड्रायव्हर घड्याळ बघतोय, खतिजा दारात ओढणीचं टोक चावतेय, आणि हा आडदांड सारंग एका अंगठ्याने बांधलेला.

तस्नीमने बापाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग तिचं लक्ष माझ्यावर गेलं.

"तुम्ही गेलात तर हा म्हातारा हितेच राहील. मग तुम्हाला परत यावं लागेल. तुमची चाय त्याच्यात हाय."

"मग मी तिकडे चहा कशात पिऊ?"

ती आत पळाली. फडताळाच्या खालच्या कप्प्यातून ती वाकडी गुलाबी बाटली घेऊन आली. गालफुगीवाला ससा अजून हसत होता. "ही घ्या. उभी नाय राहत, पण गळत नाय."

मग तिने टोक धरलं आणि खेचलं. त्याचा अंगठा सुटला. त्याच दोरीने तिने मला खिडकीच्या गजाला बांधलं, गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. निरगाठ तिला कुणी शिकवली नव्हती. ती तिची ती आली.

हमीद गाडीत बसला तेव्हा गळ्यात गुलाबी बाटली होती. एवढा लाजाळू माणूस, पण ती काढून बॅगेत ठेवावी असं त्याला वाटलं नाही. आता कुठल्यातरी महासागरात पंचवीस खलाशांसमोर तो सशाच्या कानातून चहा पीत असेल. एखाद्याने हसून दाखवावं.

संध्याकाळी खतिजाने चिमट्याने कशाबशा गाठी सोडवल्या, मला घासून पुसून ओट्यावर उभं केलं आणि बाजारातून आणलेला नवा वॉशर झाकणात बसवला. "आता गळायची कटकट गेली," ती म्हणाली. "दोरी-बिरी काय नको." निळी दोरी तिने गुंडाळून खिळ्याला अडकवली. तस्नीम बघत होती.

वॉशर चांगला आहे. घट्ट बसलाय, नव्या जावयासारखा. आता वादळातही माझ्यातून थेंब बाहेर यायचं कारण नाही. हे तुम्हाला म्हणून सांगतो, त्या घरात जाऊन बोलू नका, एवढीच विनंती आहे. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी खतिजाने सरबत भरलं, शाळेतून आल्यावर तस्नीमला प्यायला म्हणून, आणि वॉशर बघायला मला ओट्यावर आडवं केलं. मी जरा वेळ थांबलो. तस्नीम दप्तर लावून दारात आली, तिने खिळ्यावरच्या दोरीकडे बघितलं, आणि मी गळलो.

"अम्मी, बघ! गळतोय!" ती ओरडली, आणि दोरी आणायला पळाली.